पाऊणकीचे गणित आणि परका समुद्र

कोकणात ज्यांचे बालपण गेले त्यांना भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा हिशेब माहीत असतो. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशेब तोच. आणि दिवसा जी वेळ तीच साधारणपणे रात्रीची. यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे आमच्याकडची सुकती. माझ्या आजोळी शाळेची वाट खाडीच्या मुखातून जात असे. पूल दोन मैल वर होता. घरातून निघताना आजोबा पाटी-दप्तराच्या आधी तिथी विचारीत, आणि मग म्हणत, "कर पाऊणकी."

हा हिशेब का जमतो ते पाहण्यासारखे आहे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. एका पंधरवड्यात ती पुरे १२ तास मागे जाते. या १२ तासांना १५ तिथींनी भागले की तिथीमागे ४८ मिनिटे येतात. ४८ मिनिटांचा पाढा कोणी पाठ करीत नाही; पण पावकी, निमकी, पाऊणकी जुन्या शाळांतून पाठ करून घेत असत, आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. दर तिथीला तीन मिनिटांची खोट येते. ती पंधरवड्याच्या शेवटी ४५ मिनिटांची होते. मग पौर्णिमेच्या सव्वाअकरानंतर प्रतिपदेला भरती एकदम पाऊण वाजता, म्हणजे दीड तासाची उडी! साठलेली खोट त्या एका उडीत भरून निघते. ज्याने कोणी हा हिशेब बसवला त्याला समुद्र आणि अंकगणित दोन्ही चांगले समजत होते.

या हिशेबावर माझा इतका विश्वास होता की २०१६ नंतरच्या एका जानेवारीत आम्ही न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर फिरायला गेलो, तेव्हा सामानात दिनदर्शिका घेतली आणि भरतीचे वेळापत्रक मात्र पाहिले नाही. तेथे कॅम्पर व्हॅन भाड्याने मिळते. मागे झोपायची फळी, स्वयंपाकाचा छोटा ओटा आणि पाण्याची टाकी असलेली ही मोटार घेऊन मुक्काम हलवीत जायचे. गाडी यजमान चालवीत होते, नकाशा नववीतल्या मुलीकडे होता, आणि समुद्राचे खाते माझ्याकडे.

क्राइस्टचर्चहून निघून पूर्व किनाऱ्याने आम्ही कैकोराला आलो. येथे समुद्रात शिरलेल्या भूशिराच्या पायथ्याशी खडकाचा एक सपाट, रुंद ओटा आहे. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी झालेल्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात हे भूशीर सुमारे एक मीटर उचलले गेले, त्यामुळे पूर्वी पाण्याखाली असणारा ओट्याचा पुष्कळ भाग आता ओहोटीला उघडा पडतो. तो पाहायचा होता. तिथी होती वद्य नवमी. नवाची पाऊणपट पावणेसात. म्हणजे भरती सकाळी पावणेसातला आणि ओहोटी दुपारी पाऊण वाजता. आम्ही बरोबर साडेबाराला तेथे पोचलो. पाहतो तो ओट्याच्या बाहेरच्या कडेचा पत्ताच नव्हता; लाटा आत येऊन फुटत होत्या आणि पाणी अजून चढत होते. ओहोटीच्या जागी भरती! चूक पाच-दहा मिनिटांची नव्हती, पुरी सहा तासांची होती.

"आई, तुझी पाऊणकी फक्त कोकणातच चालते का?" मुलीने विचारले.

मी लगेच काही कारणे पुढे केली. दिनदर्शिकेतली तिथी भारतातली. न्यूझीलंडचे उन्हाळी घड्याळ आपल्यापुढे साडेसात तास. पण साडेसात तास म्हणजे तिथीचा सुमारे एक तृतीयांश, त्याने फार तर पाव तासाचा फरक पडेल. उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे करतात; तो एक तास. आपण दक्षिण गोलार्धात आहोत, हेही मी म्हटले. तेथे चंद्र उलटा दिसतो हे खरे. सकाळी तो आकाशात होता आणि त्याची उजळलेली बाजू आपल्या सवयीच्या विरुद्ध दिसत होती. पण चंद्र उलटा दिसल्याने समुद्र उलटा वागत नाही. सहा तासांचा हिशेब काही लागेना.

दोन दिवसांनी आम्ही बेटाच्या उत्तर टोकाला, एबल टासमन राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी माराहाऊ या खेड्यात पोचलो. डच दर्यावर्दी एबल टासमन १६४२ च्या डिसेंबरात या परिसरात आला होता. त्या घटनेला ३०० वर्षे झाली तेव्हा १९४२ मध्ये हे उद्यान स्थापन झाले. देशातले हे सर्वांत लहान राष्ट्रीय उद्यान, पण किनाऱ्याची पायवाट ६० किलोमीटरची आहे. डोंगर ग्रॅनाइटचे. त्याच्या झिजेतून सुटलेल्या स्फटिकांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो, म्हणून येथील पुळणी सोनेरी दिसतात. सगळी वाट चालणे आम्हाला शक्य नव्हते. सकाळी होडीने बार्क बे येथे उतरायचे, तेथून दक्षिणेकडे चालत अँकरेजला यायचे आणि दुपारी चारच्या होडीने परतायचे, असा एका दिवसाचा बेत ठरला.

या वाटेवर टॉरेंट बे नावाची एक उथळ खाडी आडवी येते. ओहोटीच्या आगेमागे दोन तास तिच्या तळावरून चालत जाता येते. एरवी खाडीच्या काठाकाठाने झाडीतून वळसा घालावा लागतो, त्याला सुमारे तासभर जास्त लागतो. म्हणजे होडी गाठायची तर ओहोटी गाठायला हवी. याच पायवाटेवर आणखी उत्तरेला आवारोआची खाडी आहे. तिला तर वळशाची वाटच नाही. ओहोटीआधी दीड तास आणि नंतर दोन तास, एवढ्याच वेळात ती ओलांडायची, नाहीतर पुढच्या ओहोटीपर्यंत बसून राहायचे. या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी पाणी चार मीटरपर्यंत चढ-उतार करते. तेव्हा हा विषय गमतीचा नाही.

कैकोराला तोंड पोळल्यामुळे या वेळी मी आधी छापील वेळापत्रक पाहिले. ओहोटी दुपारी दोनच्या आसपास दिली होती. यजमानांनी दिनदर्शिका उघडली. वद्य एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ, अधिक सहा, सव्वादोन.

"जमले की तुझे कोष्टक!" ते म्हणाले. "कैकोराचा समुद्रच चुकला असेल."

खरे सांगायचे तर मला कैकोराच्या चुकीपेक्षा या बरोबर उत्तराने जास्त अस्वस्थ केले. शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. १६/६४ या अपूर्णांकात वरचा आणि खालचा ६ खोडून एखादा विद्यार्थी १/४ लिहितो. उत्तर बरोबर असते. त्याला गुण द्यायचे की नाहीत? आणि दोन किनारे, मोटारीने एका दिवसाच्या अंतरावर, चंद्र तोच, तिथीत दोनचा फरक. एके ठिकाणी सहा तासांची चूक आणि दुसरीकडे पाव तासाचीही नाही, हे कसे?

चंद्राच्या मागे पाणी धावू शकत नाही

आपल्या पाठ्यपुस्तकांत भरतीचे चित्र असते. मध्ये पृथ्वी, एका बाजूला चंद्र, आणि पृथ्वीभोवती पाण्याचे लंबगोल वेष्टण: चंद्राकडच्या बाजूला एक फुगवटा, विरुद्ध बाजूला दुसरा. पृथ्वी या फुगवट्यांखालून फिरते, म्हणून दिवसातून दोन भरत्या. हे चित्र न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेल्या विचारातून आलेले आहे आणि भरती *कशामुळे* येते हे ते ठीक सांगते. चंद्राचे आकर्षण जवळच्या बाजूला जास्त, दूरच्या बाजूला कमी. या फरकामुळे पाणी ताणले जाते. पण भरती *केव्हा* आणि *किती* येईल हे या चित्रातून काढायला गेले की फसगत होते. ते चित्र खरे असते तर चंद्र माथ्यावर असताना सगळीकडे भरती आली असती. मुंबईला पौर्णिमेच्या मध्यरात्री हे बरेचसे जुळते, आणि म्हणूनच आपल्याकडे या चित्राविषयी कोणाला शंका येत नाही! शिवाय चंद्राच्या ओढीने मोकळ्या समुद्राचे पाणी जितके वर-खाली व्हायला हवे त्याचा हिशेब जेमतेम अर्ध्या मीटरचा येतो. चार मीटर कोठून आले?

उत्तर एका साध्या गणितात आहे. चंद्र पृथ्वीवरच्या ज्या बिंदूच्या माथ्यावर असतो तो बिंदू विषुववृत्तावर ४०,००० किलोमीटर अंतर २४ तास ५० मिनिटांत कापतो, म्हणजे ताशी सुमारे १,६०० किलोमीटर. फुगवट्याला चंद्राखाली राहायचे असेल तर याच वेगाने पळावे लागेल. पाण्यातल्या लांब लाटेचा वेग मात्र पाण्याच्या खोलीवर ठरतो. गुरुत्वीय त्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेतले की तो मिळतो. महासागराची सरासरी खोली ४,००० मीटरच्या जवळपास धरा: ९.८ × ४,००० चे वर्गमूळ १९८, म्हणजे सेकंदाला १९८ मीटर, ताशी सुमारे ७०० किलोमीटर. चंद्राच्या निम्म्याहूनही कमी! चंद्राची बरोबरी करायची तर समुद्र २० किलोमीटर खोल हवा. (दहावीच्या मुलांना हे उलटे गणित करायला द्यावे. उत्तर पाहून ती चकित होतात.) आणि वाटेत खंडे आडवी आहेत ती वेगळीच.

म्हणजे भरती हा चंद्राखाली फिरणारा फुगवटा नव्हे. चंद्र आणि सूर्य ठरावीक तालाने महासागरांना हलके हलके धक्के देतात, आणि त्या धक्क्यांनी महासागरांच्या खोऱ्यांत लांबच लांब लाटा फिरू लागतात. झोपाळ्याला ठेका धरून ढकलावे तसे हे आहे. झोपाळा सर्वांत उंच केव्हा जाईल हे ढकलणाऱ्याच्या हाताकडे पाहून कळत नाही. झोपाळ्याची दोरी किती लांब, याकडे पाहावे लागते. फ्रेंच गणिती लाप्लासने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे पहिल्यांदा समीकरणांत मांडले. १८३५ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या विल्यम ह्यूएलने युरोप-अमेरिकेच्या किनाऱ्यांवरील शेकडो ठाण्यांवर एकाच पंधरवड्यात भरतीच्या वेळा टिपून घेतल्या. एकाच वेळी भरती येणारी ठिकाणे नकाशावर रेषेने जोडल्यावर ती लाट किनाऱ्याकिनाऱ्याने सरकताना डोळ्यांना दिसू लागली.

अशी लाट प्रत्येक बंदराला आपापल्या वेळी पोचते. चंद्र माथ्यावरून गेल्यानंतर किती वेळाने भरती येईल हा त्या बंदराचा स्वतःचा विलंब, आणि तो जवळजवळ कायम राहतो. आजोबांच्या कोष्टकात हा विलंब कोठे लिहिलेला दिसत नाही, पण तो आहे. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते आणि मुंबईच्या बाजूला पौर्णिमेची भरती साडेअकरा-बाराच्या सुमारास येते, या योगायोगात तो लपलेला आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. गोव्याला ती मुंबईच्या आधी पोचते. म्हणजे कोकणातल्या कोकणातही हे कोष्टक सगळीकडे सारखे अचूक नाही. पण खाडी ओलांडण्यापुरते ते पुरते, आणि त्यासाठीच ते बनले होते.

बेटाभोवती फिरणारी लाट

आता न्यूझीलंड. वाऱ्यांच्या धड्यात आपण शिकवतो की पृथ्वीच्या परिवलनामुळे वाहता वारा उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळतो. वाहत्या पाण्यालाही हेच लागू आहे. समजा, दक्षिण गोलार्धात भरतीची लाट एका किनाऱ्याने उत्तरेकडे निघाली आहे आणि जमीन तिच्या डाव्या हाताला आहे. लाटेच्या माथ्यावरचे पाणी लाटेच्याच दिशेने वाहत असते. ते डावीकडे, म्हणजे जमिनीकडे, रेटले जाते आणि किनाऱ्याशी चढते. दोन माथ्यांमधल्या खळग्यात पाणी उलट्या दिशेने वाहते, तेही आपल्या डावीकडे, म्हणजे आता जमिनीपासून दूर, वळते आणि किनाऱ्याशी अधिकच उतरते. अशी लाट किनाऱ्याला चिकटून राहते. तिची उंची काठाशी सर्वांत जास्त आणि खोल समुद्राकडे कमी कमी होत जाते. लॉर्ड केल्विनने १८७९ मध्ये हे गणित केले, म्हणून तिला केल्विन लाट म्हणतात. जमीन उजव्या हाताला असती तर दक्षिण गोलार्धात ही लाट किनाऱ्याला धरून राहू शकली नसती. आपल्याकडे बरोबर उलटे: अरबी समुद्रातली लाट आपला किनारा उजव्या हाताला ठेवून उत्तरेला जाते.

न्यूझीलंड हा भर समुद्रातला एक लांबट भूभाग आहे. जमीन डाव्या हाताला ठेवायची म्हणजे लाटेने पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडे जायचे, वरच्या टोकाला वळसा घालायचा, पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरायचे आणि पुन्हा पूर्वेला यायचे. वरून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने ही प्रदक्षिणा चाललेली असते, आणि एका प्रदक्षिणेला लागणारा वेळ दोन भरत्यांमधल्या अंतराएवढा, म्हणजे १२ तास २५ मिनिटे आहे. या देशाभोवतालचा समुद्रतळ मुख्य महासागरापेक्षा बराच उथळ आहे. खोली ७०० मीटर धरली तर वरच्या सूत्राने लाटेचा वेग ताशी ३०० किलोमीटर येतो, आणि साडेबारा तासांत ३,७०० किलोमीटर. दोन्ही बेटांची मिळून लांबी सुमारे १,६०० किलोमीटर आहे. ढोबळ का होईना, हिशेब बसतो.

याचा परिणाम असा की न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर कोठे ना कोठे नेहमीच भरती असते, आणि तिच्या समोरच्या किनाऱ्यावर ओहोटी. कैकोरा पूर्वेला. तेथे चंद्र माथ्यावरून गेल्यावर साधारण पाच तासांनी भरती येते. एबल टासमनचा किनारा पश्चिमेच्या लाटेवर. तेथे दहाएक तासांनी. दोन्ही बेटांमधली कूकची सामुद्रधुनी अरुंद जागी जेमतेम २३ किलोमीटरची. तिच्या एका तोंडाशी पाणी चढलेले असते तेव्हा दुसऱ्या तोंडाशी बहुधा उतरलेले असते. त्या उतारावरून पाणी जोराने एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला धावते. जवळच फ्रेंच पास नावाची एक चिंचोळी वाट आहे. तेथे प्रवाहाचा वेग आठ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १५ किलोमीटरपर्यंत जातो. टासमनच्या खलाशांना भरतीचा प्रवाह आग्नेयेकडून येताना जाणवला होता आणि पलीकडे वाट असावी अशी शंकाही आली होती. वारा प्रतिकूल असल्याने तपास राहिला. ती सामुद्रधुनी आहे हे युरोपीयांच्या नकाशावर यायला १७७० साल आणि कॅप्टन कूक यावे लागले. भरतीच्या प्रवाहाने केलेला इशारा सव्वाशे वर्षे तसाच पडून होता.

पूर्व किनाऱ्याची आणखी एक गंमत. सूर्यामुळे येणारी भरती तेथे अगदीच क्षीण आहे. त्यामुळे आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला येणारे उधाण आणि अष्टमीच्या सुमारास येणारी भांगाची भरती यांतला फरक तेथे फारसा जाणवत नाही. चंद्र पृथ्वीच्या जवळ आहे की दूर, याचाच प्रभाव जास्त दिसतो. "अष्टमीला भांग" हेही आमचे एक पाठ केलेले सत्य तेथे निकालात निघाले.

मग माराहाऊला कोष्टक का जमले? चंद्रानंतर दहा तासांनी भरती म्हणजे पौर्णिमेला तेथील प्रमाणवेळेने दहाच्या सुमारास. उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे, म्हणून अकरा. आणि आमचे कोष्टक म्हणते सव्वाअकरा. बस, एवढेच! त्या जुळण्यातला एक तास समुद्राचा नव्हताच, तो सरकारी घड्याळाचा होता. आम्ही हिवाळ्यात गेलो असतो तर तेच कोष्टक तासाभराने चुकले असते, आणि खाडी ओलांडताना तासाभराची चूक पुरेशी असते.

खाडीच्या तळावर

एकादशीच्या सकाळी नऊच्या सुमारास आम्ही माराहाऊच्या किनाऱ्यावर होतो. तेथील समुद्रतळ इतका सपाट आहे की ओहोटीला पाणी पार दूर जाते आणि धक्क्याचा उपयोग राहत नाही. म्हणून होडी चाकांच्या गाड्यावर ठेवलेली असते. आपण रस्त्यावरच तिच्यात चढून बसायचे, मग ट्रॅक्टर गाडा ओढीत नेतो आणि थेट पाण्यात शिरून होडी तरंगवतो. ट्रॅक्टरने समुद्रात जाण्याचा अनुभव आम्हा तिघांनाही पहिलाच.

बार्क बेपासूनची वाट बहुतेक झाडीतून, नेच्यांच्या सावलीतून जाते. मध्ये फॉल्स नदीवर झुलता पूल आहे. एक वाजण्याच्या सुमारास आम्ही टॉरेंट बेच्या काठाशी उतरलो. समोर पाणी नव्हतेच म्हणा ना. ओली, वळ्या पडलेली वाळू, मधून एक चकाकणारा ओहळ, आणि पलीकडच्या बाजूला वाटेची खूण म्हणून लावलेली नारिंगी चकती. बूट काढून हातात घेतले. ओहळात पाणी घोट्याइतके, पण थंडगार. पायाखाली शिंपल्यांचे थर लागत होते. आमच्या शिवल्यांचीच ही जातभाई. लाल चोचीचे काळे पक्षी त्या उकरून खात होते. मला आजोळच्या खाडीची आठवण झाली नसती तरच नवल.

मुलीने ओहळाच्या कडेला एक काठी रोवली, तिच्यावर पेनाने खुणा केल्या आणि पलीकडे अँकरेजच्या बाजूला सावलीत बसून आम्ही डबे उघडले. सव्वादोनपर्यंत पाणी हलले नाही. पहिल्या अर्ध्या तासात ते जेमतेम बोटभर चढले, आणि यजमान म्हणाले की आवारोआवाले उगाच घाबरवतात. कोळी लोक आणि नावाडी एक हिशेब वापरतात तो येथे सांगितला पाहिजे. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. त्या दिवशी एकूण चढ अडीच मीटरच्या आसपास होता. म्हणजे पहिल्या तासात सुमारे २० सेंटिमीटर, दुसऱ्यात ४०, आणि तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी ६० सेंटिमीटरहून अधिक. शांत दिसणाऱ्या पहिल्या तासावरून पुढच्या तासांचा अंदाज बांधणारा माणूस खाडीच्या मधोमध अडकतो तो असा. तळ सपाट असला की पाण्याची कड आडवी फार वेगाने सरकते, आणि खोलगट ओहळ आधी भरत असल्याने पाणी पुष्कळदा माणसाच्या पुढून नव्हे तर मागून येते. साडेतीनला आम्ही काठी पाहिली तेव्हा आम्ही चालत आलो त्या ओहळात पाणी गुडघ्याच्या वर होते आणि आमच्या पावलांचे ठसे केव्हाच पुसले गेले होते. पलीकडच्या काठावर चौघेजण उभे राहून विचार करीत होते. त्यांनी वळशाची वाट धरली.

वर्गात हे दाखवायला समुद्र लागत नाही. एक मोठी परात घ्या, तिच्या मधोमध एक जड वाटी पालथी ठेवा आणि वाटी निम्मी बुडेल इतके पाणी घाला. वाटीच्या बाहेरून खडूने चार दिशांना चार खुणा करा. आता परात दोन्ही हातांनी धरून, धान्य पाखडताना सूप फिरवतो तशी हलक्या हाताने गोल डोलवा. थोड्या सरावाने पाण्याचा एक उंचवटा वाटीभोवती फिरू लागतो. एका विद्यार्थ्याने पूर्वेच्या खुणेवर "भरती" म्हणावे, दुसऱ्याने पश्चिमेच्या. दोघे एकदम कधीच म्हणणार नाहीत. परातीत चंद्रही नाही आणि परिवलनाचा परिणामही नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे. एक लाट बेटाभोवती फिरली म्हणजे काय होते एवढेच येथे दिसते. मुंबई-कोकणातल्या शिक्षकांना याहून चांगला प्रयोग करता येईल. मुंबईच्या वर्तमानपत्रांत भरतीच्या वेळा छापून येतात आणि भारतीय सर्वेक्षण विभाग बंदरांची वेळापत्रके प्रसिद्ध करतो. महिनाभर रोज तिथीची पाऊणपट आणि छापील वेळ शेजारी शेजारी लिहून वजाबाकी करायची आणि आलेखावर मांडायची. शुक्ल प्रतिपदेची उडी आणि अष्टमीच्या आसपासची गडबड दोन्ही दिसतील.

आमच्या मुलीने ही वजाबाकी पुढच्या प्रवासात केली. वहीत तीन रकाने: पाऊणकी, छापील वेळ, फरक. पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे निघालो तेव्हा वेस्टपोर्टला फरक थोडाच होता. खाली उतरत गेलो तशी भरती कोष्टकाच्या मागे पडत गेली. अगदी दक्षिणेच्या ब्लफला ती दोन तासांहून अधिक मागे होती. पूर्वेला वळून डनेडिनला आलो तेव्हा कोष्टक पुन्हा जवळजवळ उलटे झाले होते, आणि तिसऱ्या रकान्यातला आकडा कैकोराच्या आकड्याकडे परत चालला होता. लाट जी प्रदक्षिणा साडेबारा तासांत करते तिचा दक्षिणेकडचा निम्म्याहून अधिक भाग आम्ही बारा दिवसांत केला होता, तोही तिच्याच दिशेने.

आजोबांना मी हे सांगू शकले नाही. ते जाऊन पुष्कळ वर्षे झाली. पण त्यांच्या खाडीवर आता पूल झाला आहे, आणि पुलाखालून पाणी अजून पाऊणकीनेच येते-जाते.